दाजींचा ओटीपी

महाराष्ट्रात सख्ख्या भावांपेक्षा फलकावरचे भाऊ जास्त! आमच्या बाळकुम नाक्यावर उभं राहून चारी बाजूंना नुसती मान फिरवली, तरी सात-आठ भाऊ, तीन-चार दादा आणि एखादी ताई हात जोडून हसताना दिसतात. वाढदिवस, दहावीचा निकाल, दहीहंडी, गणपती, नवरात्र... निमित्त कुठलंही असो. मेट्रोच्या खांबांनी रस्ता खाल्ला, पण फलकांना कधी जागा कमी पडली नाही. त्यामुळे २८ जून २०२४ ला तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी अतिरिक्त अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर केली, तेव्हा आणखी एक भाऊ मिळाल्याचं आम्हां बायकांना फारसं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते एवढंच, की हा भाऊ नुसता हसत नव्हता, महिन्याला १५०० रुपये देतो म्हणत होता. त्यात तेव्हाचे मुख्यमंत्री आमच्या ठाण्याचेच. मग काय, बाळकुमच्या बायकांना वाटलं, माहेरचंच बोलावणं आलं!

मी काही मोठी समाजसेविका वगैरे नाही. घरचं आवरून दुपारी दोन-तीन तास महिला मंडळाच्या कामाला देते. कला शाखेची पदवी घेतली, तिचा संसारात उपयोग काय, असं माझ्या सासूबाई पूर्वी विचारायच्या. त्याचं उत्तर २०२४ च्या जुलैमध्ये मिळालं. अर्ज भरायला! गावठाणातल्या कोळणी, आगरी घरांतल्या सासवा-सुना, टॉवरमध्ये धुणीभांडी करणाऱ्या ताया, कशेळी पुलापलीकडे भिवंडीच्या गोदामांत खोकी बांधायला जाणाऱ्या मुली... सगळ्या पिशव्यांत कागद कोंबून हजर. अंगणवाडीच्या बाईंना एका अर्जामागे ५० रुपये मिळायचे ठरले होते. आम्हांला मिळायचा चहा. पण खरं सांगते, त्या दोन महिन्यांत बाईच्या आयुष्याबद्दल मला जे कळलं, ते तीन वर्षांच्या पदवीत कळलं नव्हतं.

पहिली गोष्ट कळली, की बाईला एक नाव नसतं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, मतदार यादीत भलतंच. लग्नात ताटातल्या तांदळात लिहिलेलं नाव एका कागदावर, घरातलं हाकेचं नाव दुसऱ्या कागदावर. एका आजींचं तर रेशनकार्डावर नावाऐवजी नुसतंच 'बाय' लिहिलेलं. आमच्याकडे आईला, आजीला 'बाय' म्हणतात, तेच कुणी तरी नाव समजून लिहून घेतलं. आजी म्हणाल्या, "मना सगलं बायच बोलतान, त्याला मी काय करू?" काय करणार! पुरुषांचं बरं असतं. जन्मापासून सरणापर्यंत एकच नाव, एकच आडनाव. त्यांच्या कागदांत कधी 'लग्नापूर्वीचे नाव' असा रकाना नसतो.

आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव लावायचा नियम आपल्या राज्यात झाला आहे. छानच झालं. पण आईचं कुठलं नाव लावायचं, माहेरचं की सासरचं, यावर आमच्या मंडळात जी चर्चा रंगली ती दोन तास चालली आणि शेवटी चहा गार झाला!

दुसरी गोष्ट कळली, ती अटींची. सरकारी योजना आणि मुलीचं स्थळ, दोन्हींत अटी वाचून घ्याव्यात. वय २१ पासून ६० पर्यंत, असं आधी होतं. मग ते ६५ झालं. पाच एकर जमिनीची अट होती, ती निघाली. अर्जाची मुदत १५ जुलै होती, ती पुढेपुढे सरकत ऑक्टोबरपर्यंत गेली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. घरात चारचाकी नको, पण ट्रॅक्टर चालेल. (बाळकुममध्ये ट्रॅक्टर कुणाकडे असणार? पण मनाचा मोठेपणा बघा!) विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार अशा सगळ्या बहिणी लाडक्या. अविवाहित मात्र घरटी एकच. म्हणजे दोन बहिणी लग्नाच्या राहिल्या असतील, तर त्यांतली लाडकी कोण हे घरातच ठरवायचं. आमच्या चाळीतल्या दोघी बहिणींनी चिठ्ठी टाकली. धाकटी जिंकली, आणि पहिल्या हप्त्यातून तिनं थोरलीला ड्रेस घेतला. ज्याला बहिणींचं प्रेम बघायचं असेल, त्यानं इथं बघावं.

भावांनाही उपाशी ठेवलं नाही हं! त्याच पावसाळ्यात 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना' आली आणि लोकांनी तिचं नाव 'लाडका भाऊ' ठेवून टाकलं. त्यात सहा महिने काम शिकता शिकता बारावी पास झालेल्याला ६०००, आयटीआय किंवा पदविका असलेल्याला ८००० आणि पदवीधराला १०००० रुपये विद्यावेतन. मुलींनाही ते खुलं होतं, हे खरं. पण नाव पडलं ते भावाचंच. आमची लेक लगेच म्हणाली, "आई, शिकतो तो भाऊ आणि वाट बघते ती बहीण, असं का?" मी म्हटलं, "बाई गं, ते मला विचारू नकोस, भाजी निवडायला घे."

राखी पौर्णिमा १९ ऑगस्टला होती. त्याच्या आधीच, १४ ऑगस्टपासून, जुलै आणि ऑगस्टचे मिळून ३००० रुपये खात्यात पडू लागले. १७ ऑगस्टला पुण्यात बालेवाडीला मोठा सोहळा झाला. आणि आमच्याकडे नाक्यावरच्या बँकेसमोर रांग लागली. काही जणींचे पैसे आले, पण कुठल्या खात्यात आले तेच कळेना. कारण असं, की हे पैसे आपण अर्जात लिहिलेल्या खात्यात जातात असं नाही, आधारला शेवटचं जे खातं जोडलेलं असतं त्यात जातात. कुणी तरी दहा वर्षांपूर्वी जनधनचं खातं काढून दिलेलं, पासबुक कुठं तरी माळ्यावर, आणि पैसे तिथं जाऊन बसलेले. एका ताईंच्या खात्यात तीन हजार आले आणि बँकेनं किमान शिल्लक नव्हती म्हणून त्यातले निम्मे कापून घेतले. (कुठली बँक ते विचारू नका.) ताई म्हणाल्या, "भावानं ओवाळणी घातली आणि बँकेनं ताटातूनच उचलली!"

या पैशांचं बायकांनी काय केलं? मी वहीत लिहून ठेवलं नाही, पण कानावर पडलं ते सांगते. कुणी मुलाची क्लासची फी भरली, कुणी गॅसची शेगडी दुरुस्त केली, कुणी उधारी फेडली. कुणी नवऱ्याला दिले, कारण त्यानं मागितले. गावठाणातल्या एका मावशींनी चष्मा केला. तीन वर्षं त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता. घरात मोटारसायकलचा हप्ता निघत होता, नातवाचा वाढदिवस होत होता, पण चष्म्याचा नंबर काही लागत नव्हता. चष्मा लावून पहिल्यांदा त्यांनी काय पाहिलं, तर स्वतःचे हात. म्हणाल्या, "एवढ्या भेगा पडल्यात, मला वाटलं होतं जाळ्याचा दोरा लागतो म्हणून खरखरतंय." मला हसावं की रडावं कळेना.

आता टॉवरची गोष्ट. आमच्या बाळकुमला एका बाजूला गावठाण आणि एका बाजूला तीस-तीस मजले. मधे एक रस्ता आणि बरंच अंतर. टॉवरच्या लिफ्टमध्ये मी स्वतः ऐकलं, "या बायकांना फुकटची सवय लागली. आता कामाला कोण येणार?" बोलणाऱ्या वहिनी वाईट नाहीत. गणपतीत माझ्याबरोबर मोदक वळतात. पण मला तेव्हा हिशेब सुचला, तो इथं मांडते.

केंद्र सरकारचं 'वेळेच्या वापराचं सर्वेक्षण' असतं. २०२४ च्या पाहणीत असं दिसलं, की घरचं बिनपगारी काम करणारी बाई त्या कामाला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देते, म्हणजे पावणेपाच तासांपेक्षा जास्त. पुरुष देतो ८८ मिनिटं. आणि ही सरासरी जे पुरुष घरकाम करतात त्यांचीच आहे बरं का! जे ताटावरून उठून सरळ बातम्या लावतात, ते यात धरलेलेच नाहीत. मुलं, म्हातारी माणसं, आजारी माणसं यांचं करण्याचा वेळ आणखी वेगळा. आता १५०० भागिले ३०, दिवसाचे झाले ५० रुपये. ५० भागिले पावणेपाच तास, तासाला साधारण साडेदहा रुपये. एवढ्या दरात आमच्या नाक्यावर वडापावही येत नाही! त्याला फुकट कसं म्हणायचं?

आपण बायका 'काही करत नाही', हा समज कागदावरही होता. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना काम न करणाऱ्यांत घातलं होतं, ते भिकारी आणि कैद्यांच्या पंक्तीला बसवून. २०१० मध्ये एका अपघाताच्या भरपाईचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा न्यायमूर्तींनी या वर्गवारीवर कडक ताशेरे ओढले होते. पुढे २०२१ च्या जानेवारीतही न्यायालयानं सांगितलं, की गृहिणीच्या कामाचं मोल धरायलाच हवं. म्हणजे बाईच्या कामाची किंमत करायची झाली, तर ती बहुतेक वेळा बाई अपघातात गेल्यावरच होते. जिवंतपणी होते ती लाडाची भाषा.

या 'लाड' शब्दावर मी पुष्कळ विचार केला. मध्य प्रदेशात २०२३ मध्ये 'लाडली बहना' आली, तीच आपल्या योजनेची मोठी बहीण. पश्चिम बंगालमध्ये २०२१ पासून 'लक्ष्मीर भांडार'. कर्नाटकात २०२३ ला 'गृहलक्ष्मी', महिना २००० रुपये. म्हणजे बाई एक तर लाडकी, नाही तर लक्ष्मी. तमिळनाडूनं मात्र १५ सप्टेंबर २०२३ ला महिना १००० रुपये सुरू केले, आणि नावात शब्द घातला 'उरिमै'. उरिमै म्हणजे हक्क! रक्कम आपल्यापेक्षा कमी, पण शब्द केवढा मोठा. लाड करणाऱ्याची मर्जी असते. आज केले, उद्या केले नाहीत. हक्काचं तसं नसतं. आपल्या घरातही बघा ना, 'माझ्या बायकोला मी काही कमी पडू देत नाही' म्हणणारे पुष्कळ भेटतात. 'घर दोघांच्या नावावर आहे' म्हणणारे किती?

असो. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. २०१९ मध्ये साधारण ५९ टक्के बायकांनी मतदान केलं होतं, या वेळी ६५ टक्क्यांच्या वर केलं. १५०० चे २१०० करू, असं आश्वासनही प्रचारात मिळालं. २०२५ संपलं तरी खात्यात पडत होते ते १५००च. पण बायकांनी त्याची फार चर्चा केली नाही. आश्वासनाची सवय आपल्याला लग्नापासूनच असते. दरवर्षी दिवाळीला 'पुढच्या वर्षी नक्की' असं म्हणून न झालेल्या पाटल्या कुणाच्या घरी नाहीत?

मग सुरू झाली छाननी. तीही व्हायलाच हवी होती, कारण वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज सांगितला गेला होता आणि तो पैसा तुमच्या-आमच्या करातून येतो. २०२५ च्या जुलैमध्ये बातम्या आल्या, की २६ लाखांहून जास्त लाभार्थी अपात्र असल्याचा संशय आहे, आणि त्यांत १४ हजारांवर चक्क पुरुष आहेत! वर्तमानपत्र वाचता वाचता आमच्या ह्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "बघ, आम्हांलाही लाडकं व्हावंसं वाटतं." मी म्हटलं, "व्हा की! आधी ती २८९ मिनिटं करा."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी न्यायचं होतं. पण सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आलं आणि हसू थांबलं.

ई-केवायसी म्हणजे काय, तर लाडक्या बहिणीनं संकेतस्थळावर जाऊन आपला आधार क्रमांक टाकायचा. मोबाइलवर ओटीपी येतो, तो घालायचा. इथवर ठीक. पुढच्या पानावर मात्र नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला, आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी. कारण पटण्यासारखं होतं. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे का, ते तपासायचं, तर नवऱ्याचं उत्पन्न बघायला नको का? पण त्याचा अर्थ काय झाला ते बघा. भाऊ म्हणतो, ही माझी बहीण. आणि बहिणीची ओळख पटवायला लागतो दाजींचा ओटीपी!

ज्यांचे दाजी शेजारी बसून चहा पीत होते, त्यांचं काम पाच मिनिटांत झालं. बाकीच्यांचे दाजी कुणी बोटीवर, कुणी गावाला, कुणी रात्रपाळीला. ओटीपी दहा मिनिटांत शिळा होतो. एका वहिनींचा नवरा भिवंडीला गोदामात, फोन कपाटात ठेवून कामाला लागतो. त्या दुपारच्या जेवणाच्या सुट्टीची वेळ साधायला आठ दिवस माझ्याकडे साडेबाराला येऊन बसल्या. ज्यांच्या आधारला मोबाइलच जोडलेला नव्हता, त्यांची वेगळीच फरपट. आणि खुद्द बायकांच्या आधारला नंबर कुणाचा? मी पाहिलं, दहांतल्या सहा-सात जणींच्या आधारला नंबर मुलाचा, नाही तर नवऱ्याचा. म्हणजे दोन्ही ओटीपी एकाच फोनवर, आणि तो फोन बाईच्या हातात नाही.

आणि ज्यांना नवराच नाही? वडीलही नाहीत? अशा बायकांची राज्यभर ओरड झाली. मग मुदत १८ नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली आणि सोय झाली, की पती-वडील हयात नसतील तर मृत्यूचा दाखला आणि घटस्फोट झाला असेल तर घटस्फोटाचा कागद किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडीच्या बाईंकडे द्यायचा. विधवांचं काम मार्गी लागलं. घटस्फोटितांचंही.

पण एक बाई यांतल्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. तिचं नाव मी लिहीत नाही. टॉवरमध्ये चार घरची कामं करते. नवरा नऊ वर्षांपूर्वी घरातून गेला तो गेलाच. मेला नाही, म्हणून दाखला नाही. सोडचिठ्ठी दिली नाही, म्हणून कागद नाही. दुसरं घर केलंय असं कळतं. मंगळसूत्र हिच्या गळ्यात आहे, ते लोकांच्या नजरेसाठी. २०२४ च्या अर्जात 'परित्यक्ता' हा शब्द होता, म्हणून ती त्यात बसली होती. महिन्याचे १५०० ती मुलीच्या नावानं पोस्टात टाकत होती. आणि आता तिला सांगितलं जात होतं, की ज्यानं तुला टाकलं, त्याच्या फोनवर एक नंबर येईल, तो विचारून घे.

तिनं फोन केला. माझ्यासमोरच केला. नऊ वर्षांनी. आवाज अगदी सरळ ठेवून म्हणाली, "मी बोलतेय. एक नंबर येईल, तेवढा सांगा." पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. तिनं फोन ठेवला आणि सांगितलं, "म्हणतोय, सातशे रुपये दर महिन्याला मला पाठव, मग सांगतो." मी काही बोलणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "ताई, पंधराशे गेले तरी चालतील. पण त्याला कळता कामा नये की मला त्याची गरज लागली. आज कळलं."

मैत्रिणींनो, या वाक्यापुढे मला सगळ्या योजना लहान वाटल्या.

आपल्याकडे 'टाकलेली' हा शब्द किती सहज वापरतात! वस्तू टाकतात तसा. अशा बायकांचा प्रश्न आजचा नाही. १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली होती. अॅड. निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा लढा पुढे वर्षानुवर्षं चालवला. त्यावर त्यांचं 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' हे पुस्तकही आहे. त्या काळी मागणी काय होती? तर नवऱ्याच्या नावाशिवाय बाईला स्वतंत्र रेशनकार्ड मिळावं! म्हणजे तेव्हा रेशनकार्डावर त्याचं नाव आडवं येत होतं, आज फोनवर त्याचा नंबर आडवा येतो. पस्तीस-सदतीस वर्षांत कागदाचं यंत्र झालं, पण दारात उभा माणूस तोच. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा 'घटस्फोटित' आणि 'विभक्त' असे वेगळे आकडे घेतले गेले आणि दिसलं, की घटस्फोटितांपेक्षा नुसत्याच वेगळ्या राहणाऱ्या बायका कितीतरी जास्त आहेत. म्हणजे बिनकागदाच्या बायका जास्त.

तिचं केवायसी मुदतीत झालं नाही. हप्ता थांबला. पण एक झालं. आमच्या मंडळातल्या एका काकूंनी तिला ठाण्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नेलं. १९८७ च्या कायद्यानं कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो, हे तिला माहीत नव्हतं. खरं तर टॉवरमधल्या वहिनींनाही माहीत नव्हतं! पूर्वी ज्याला 'कलम १२५ ची पोटगी' म्हणायचे, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे. आता तिनं पोटगीसाठी अर्ज केलाय. मी विचारलं, "पैसे मिळतील असं वाटतं?" तर म्हणाली, "पैसे नाही मिळाले तरी कागद मिळेल ना? मला कोर्टानं लिहून दिलेलं पाहिजे, की यानं मला सोडलं, मी याला नाही." तारखा पडताहेत. तिच्या चार घरच्या कामांपैकी एका घरी त्या दिवसाचा खाडा धरतात, तीन घरी धरत नाहीत. त्या तीन घरांत लिफ्टमधल्या वहिनींचं घरही आहे, हे मुद्दाम सांगते. माणसं बोलतात एक आणि वागतात बरी, हेही कधी कधी घडतं.

सरकारला सल्ला देण्याएवढी मी मोठी नाही. पण घर चालवणाऱ्या बाईला एवढं कळतं, की सगळ्यांना एकाच मापाचं ताट वाढून चालत नाही. ज्या अर्जात 'परित्यक्ता' हा शब्द लिहायला जागा होती, त्याच योजनेच्या तपासणीत तिच्यासाठी रकाना हवा होता. ग्रामपंचायत किंवा वॉर्डातला पंचनामा, दोन शेजाऱ्यांचे जबाब, अंगणवाडीच्या बाईंची सही, यांतलं काहीही चाललं असतं. अंगणवाडीच्या बाईंना गल्लीतल्या प्रत्येक घरात कोण नांदतं आणि कोण नाही, हे ओटीपीपेक्षा पक्कं ठाऊक असतं.

आणि आपण? आपण वाट बघत बसायचं नाही. दुपारची झाकपाक झाली, की एक काम करा. आपलं आधारकार्ड काढा आणि त्याला कुणाचा मोबाइल नंबर जोडलाय ते बघा. आपला नसेल तर जवळच्या आधार केंद्रात जाऊन आपला जोडून घ्या. आधारला कुठली बँक जोडली आहे, ते तिथंच विचारा. खात्यावर एकट्याचं नाव हवं, संयुक्त नको. एटीएमचा आकडा मुलाला पाठ आहे का? असेल तर बदला, रागावला तर रागावू द्या. घर घेणार असाल तर बाईच्या नावावर घेतल्यास आपल्या राज्यात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हे ह्यांच्या कानावर घाला. सवलतीसाठी का होईना, नाव लागतं! शेजारी कुणी तिच्यासारखी असेल, तर मोफत वकिलासाठी १५१०० आणि अडचणीच्या वेळी महिलांसाठी १८१ हे दोन नंबर तिला पाठ करून द्या. लिहून देऊ नका, चिठ्ठी घरात सापडते.

एवढं सगळं केल्यावर संध्याकाळी चहा टाका. ह्यांनी विचारलं, "आज दुपारभर काय केलंस?" तर सांगा, "काही नाही, घरीच होते."